पुरे म्हणायचं कुणी

नारायणनं चेंडू पायाखाली दाबला आणि तो तसाच उभा राहिला.

समोर गोल मोकळा पडला होता. कॅम्पातल्या पलटणीचा गोलकीपर त्याच्या हुलकावणीला फसून भलत्याच बाजूला आडवा झाला होता आणि मागचे गोरे गडी धापा टाकत अजून लांब होते. नुसता अंगठा लावला असता तरी चेंडू आत गेला असता. ढालीचा शेवटचा सामना, दोन्ही बाजूंचे गोल सारखे, आणि रेफ्री घड्याळाकडे बघायला लागलेला. कडेला उभ्या असलेल्या, बडोद्याच्या वाडी मोहल्ल्यातल्या लोकांनी उडवायला म्हणून टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. त्या हातातच राहिल्या.

नारायण वाकला. त्यानं पोलो मैदानाची माती चिमटीत घेतली, कपाळाला लावली, छातीला लावली. मग तो वळला आणि भाजी घेऊन घरी निघालेल्या माणसासारखा सावकाश मैदानाबाहेर चालू लागला.

चेंडू तिथंच होता. क्षणभर त्याला कुणी शिवलंच नाही. हा एखादा नवा डाव आहे की काय, ते गोऱ्यांनाही कळेना. मग त्यांच्यातल्या एकाला सुचलं आणि त्यानं चेंडू लांब टोलवला. वाडीचे गडी अजून नारायणच्या पाठीकडे बघत होते, तेवढ्यात दुसऱ्या टोकाला गोल झाला. शिटी वाजली. ढाल गेली.

लोकांची बसलेली दातखीळ एकदम सुटली. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं दृष्ट लागली, आणि ज्यांना दोन्ही पटलं नाही ते म्हणाले, पोरगं फितूर झालं. सुभानराव मात्र रेषेवर होते तिथंच उभे होते. आपल्याला पाय आहेत हे ते विसरूनच गेले होते. काय झालं ते त्या सबंध गर्दीत त्यांना एकट्याला कळलं होतं. वाडीच्या तालमीत उतरताना माती रोज कपाळाला लावतात. बाहेर पडताना कुणी लावत नाही. बाहेर पडताना लावतो तो आखाड्याचा कायमचा निरोप घेणारा. गुडघा निकामी झाला त्या दिवशी सुभानरावांनी स्वतः ती लावली होती आणि लहान मुलासारखे ढसाढसा रडले होते. नारायण रडला नव्हता. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं, आणि त्याचीच सुभानरावांनी हाय खाल्ली.

सुभानराव फरासखान्यात कारकून होते. सरकारचे तंबू, कनाती, सतरंज्या यांची देखभाल करणारं ते खातं. पण त्याआधी ते पैलवान होते, आणि मनानं अजूनही होतेच. लग्न त्यांनी केलं नाही. लंगोटाचे पक्के म्हणून ते राहत त्या घडियाळी पोळच्या गल्लीत त्यांचा दरारा होता. धाकटी बहीण निरुपमा नवरा गेल्यावर लहानग्या नारायणला घेऊन त्यांच्याकडे आली, तेव्हा कुठं त्या घरात फोडणीचा वास आला. गुडघा गेला आणि सुभानरावांना संध्याकाळचं काय करावं ते समजेना. एकदा सहज कॅम्पात जाऊन ते गोऱ्या शिपायांचा फुटबॉल बघून आले. परत येऊन बघतात तो भाचा पोळच्या तोंडाशी चिंध्यांचा चेंडू पायावर झेलत उभा. तो पडतच नव्हता. येणारेजाणारे थांबून बघत होते, आणि पोरगं आपल्याच नादात खिदळत होतं.

त्या दिवसापासून सुभानरावांना दुसरं काही दिसेना. त्यांनी तालमीतली पोरं गोळा केली आणि वाडीचा संघ उभा केला. फुटबॉल त्यांना कुणी शिकवला नव्हता. त्यांना कुस्ती येत होती, म्हणून त्यांनी फुटबॉलही कुस्तीसारखाच शिकवला. तालमीत जो सगळ्यात ताकदीचा असतो त्याच्याशी बाकीचे सगळे पाळीपाळीनं लढतात आणि तो एकटा सगळ्यांना पुरून उरतो. सुभानरावांनी तेच केलं. सकाळी जोर-बैठका, संध्याकाळी चेंडू नारायणच्या पायात आणि बाकीचे एकेक करून त्याच्या अंगावर. रविवारी सामना. एरवी नवसारी, पेटलाद, मेहसाणा, जिथून बोलावणं येईल तिथं जायचं. बोलावणं म्हणायला संघाला असायचं, पण लोक बघायला यायचे ते नारायणला. वर खुराक म्हणून बदाम, दूध, तूप. सरकारी पागेतल्या घोड्याला कुणी असं राबवलं असतं तर मोतद्दारानं आधी बोंब मारली असती. पण नारायण माणूस होता, आणि घरचा होता, त्यामुळे बोंब मारायला कुणी नव्हतं.

आणखी एक होतं. भाचा म्हणून त्याला सवलत मिळते असं कुणी म्हणू नये, याची सुभानरावांना भारी धास्ती. मैदानावर मामा म्हणायचं नाही, वस्ताद म्हणायचं, असं त्यांनी बजावलं होतं. एकदा पोराच्या तोंडून चुकून ‘मामा’ निघालं आणि सगळे फिदीफिदी हसले. तेव्हा सुभानराव म्हणाले, घरीसुद्धा वस्तादच म्हणत जा, म्हणजे जिभेला वळण लागेल. वळण लागलं.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वैपाकघराच्या दारात आले, तर निरुपमा पत्र्याच्या पेटीत लुगडी भरत होती. नारायण घरात नव्हता. शहराबाहेरच्या तरसाली गावात सरकारी शाळेत मास्तरची जागा त्याला केव्हाच मिळाली होती, आणि ती घेऊ नको म्हणून सुभानरावांनीच त्याला थांबवून धरलं होतं. तो उजाडताच निघून गेला होता. आपणही तिकडेच जात आहोत, पोराला भाकरी कोण घालणार, असं निरुपमेनं पेटीकडे बघतच सांगितलं.

सुभानरावांना रात्रभर झोप नव्हती. ते बोलायला लागले ते थांबेचनात. भर मैदानात नाक कापलं, गोऱ्यांपुढं खाली बघायला लावलं, ज्या ताटात जेवला त्यातच माती कालवली, असं बरंच काही ते बोलले. निरुपमेनं ते सगळं ऐकून घेतलं. मग तिनं पेटीचं झाकण लावलं आणि पहिल्यांदा वर बघितलं.

“दादा, तालमीत ‘पुरे’ कोण म्हणतं?”

“वस्ताद म्हणतो. दुसरं कोण म्हणणार? पठ्ठ्यानं म्हणायचंच नसतं ते.”

“मग तुम्ही त्याला कधी म्हणालात?”

सुभानराव आठवू लागले. बाकीच्या पोरांना ते रोज म्हणत. पाठीवर थाप मारून म्हणत, पुरे रे आता, घरी जा. नारायणला म्हणत नसत. भाच्याला आधी सोडला असं दिसू नये, म्हणून त्याला शेवटी ठेवत. आणि शेवट आला की त्यांना वाटे, अजून काही बोलत नाही, म्हणजे याच्यात अजून आहे. त्यांना मनातून अभिमानच वाटे.

“दमला होता तर सांगायचं होतं त्यानं,” ते शेवटी म्हणाले. “मैदानावर नाही, तर घरी येऊन मामाला सांगायचं.”

“घरात मामा राहिलाच होता कुठं, दादा?”

ती हे भांडून बोलली नाही. भांडून बोलली असती तर सुभानरावांना सोपं गेलं असतं. तिनं पितळी डब्यात चिवडा भरून ठेवला आहे, तो संपवा, असं सांगितलं, पाया पडली आणि टांग्यात बसली. सुभानराव दाराची चौकट धरून उभे राहिले. कुणीतरी कानशिलात मारावी आणि मारणारा कोण ते दिसू नये, तसं त्यांना झालं होतं.

पुढचं वर्ष वाडीच्या संघाचं हसं होण्यात गेलं. नारायण नाही म्हटल्यावर निम्मे गडी दुसरीकडे पांगले. जे उरले त्यांना चेंडू नारायणकडे ढकलण्यापलीकडे काही येत नव्हतं. वर्षानुवर्षं त्यांनी तेच केलं होतं. मांडवीच्या बाजारात सुभानराव दिसले की लोक विचारायचे, काय वस्ताद, यंदा कुणाला संन्यास देणार? नारायणबद्दल तर नाना गोष्टी उठल्या होत्या. तो चेंडू दिसला की रस्ता बदलतो म्हणे. त्यानं शाळेत पोरांचा चेंडू जप्त करून विहिरीत टाकला म्हणे. सुभानराव हे सगळं ऐकून घेत आणि सगळं खरं मानत. निरुपमा सणासुदीला तासाभरासाठी येऊन जाई. नारायण कसा आहे विचारलं की बरा आहे म्हणे, आणि त्याहून जास्त विचारायची त्यांना छाती होत नसे. असा पाय बडोद्यात पुन्हा व्हायचा नाही आणि तो आपण आपल्या हातानं मारला, हे त्यांच्या मनानं पक्कं घेतलं होतं. तरसाली लांब नव्हती. टांग्यानं सहज जाता आलं असतं. ते एकदाही गेले नाहीत.

त्यांनी एकच केलं. संघ पुन्हा पहिल्यापासून शिवायला घेतला, जसा फाटलेला तंबू शिवतात, एका टोकापासून. सकाळच्या जोर-बैठका निम्म्यावर आणल्या. चेंडू एकाच्या पायात राहू द्यायचा नाही, असं ठरवलं. वाडीतल्या भांड्यांच्या दुकानात बसणारा चिमन कंसारा गलेलठ्ठ होता, पण आडवा उभा राहिला की त्याला ओलांडून कुणी जात नसे. त्याला मागं घेतला. हुजूर कचेरीतला वसंत अंगानं काडी, पण पळायला लागला की वारा. त्याला पुढं ठेवला. आणि एक नियम केला. जो दमेल त्यानं स्वतः हात वर करून ‘पुरे’ म्हणायचं आणि बाहेर यायचं. कुणी का म्हणून विचारायचं नाही.

हा नियम ऐकून तालमीतली जुनी माणसं हबकलीच. असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. पोरांनाही तो पचेना. कितीतरी दिवस कुणी हात वर करेना. जीभ बाहेर आली तरी पळत राहायचे आणि सुभानरावांकडे चोरून बघायचे. सुभानराव मुद्दाम दुसरीकडे तोंड करून उभे राहायचे. शेवटी एकदा चिमननं मैदानाच्या मधोमध फतकल मारली.

“वस्ताद, पुरे हं आता. मारो तो जीव नीकळी गयो.”

सगळे हसले. सुभानरावही हसले, आणि आभाळ कोसळलं नाही. मग मात्र काही दिवस जो तो ऊठसूट हात वर करू लागला आणि संध्याकाळी मैदानापेक्षा कडेलाच गर्दी दिसू लागली. लोकांनी संघाचं नाव ‘पुरेवाले’ ठेवलं. सुभानरावांनी दात आवळून तेही सोसलं. हळूहळू पोरांचं त्यांचं त्यांना कळू लागलं. दुसऱ्या वर्षी हरणं कमी झालं, आणि तिसऱ्या वर्षी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पुरेवाले ढालीच्या शेवटच्या सामन्यात येऊन उभे राहिले. समोर पुन्हा कॅम्पातली पलटण.

पुढच्या रविवारी सामना, आणि त्या आठवड्यात सराव चालू असताना वसंतनं हात वर केला.

तो बाहेर आला आणि सुभानरावांच्या समोर उभा राहिला. घाम फारसा आला नव्हता. कचेरी आणि मैदान, मैदान आणि कचेरी, यात सगळा मोसम गेला, आता चेंडू डोळ्यांपुढं नकोसा होतो, रविवारी मला उतरवू नका, असं त्यानं खाली मान घालून सांगितलं. थोडे दिवस गेले की परत येईन, असंही म्हणाला. सुभानराव ऐकत होते आणि मनात रविवारचे गडी मोजत होते. संघात गोल करणारा तो एकच होता. ‘का’ म्हणून विचारायचं नाही हा नियम त्यांचाच होता, म्हणून ते विचारूही शकले नाहीत. बरं, एवढंच म्हणाले.

संघाचे अध्यक्ष जयवंतराव, निवृत्त नायब सुभे, यांना हे कळलं तेव्हा त्यांनी सुभानरावांना घरी बोलावून घेतलं. जयवंतराव माणूस म्हणून वाईट नव्हते, पण जन्म हुकूम देण्यात गेल्यामुळे नकार कसा ऐकायचा ते विसरले होते. चहाचा पेला पुढं सरकवत त्यांनी समजावलं की नियम तुमचा असला तरी ढाल सगळ्या वाडीची आहे. एकतर वसंताला कान धरून उतरवा, नाहीतर दुसरा कुणी आणा. आणि दुसरा कोण, ते तुम्हांला मी सांगायला हवं का?

“एक सामना,” जयवंतराव म्हणाले. “मामाचा शब्द भाचा मोडणार नाही.”

सुभानराव नाही म्हणणार होते. पण ते ‘नाही’ ओठांवर येईपर्यंत त्यांच्या डोळ्यांपुढं नारायण मोकळ्या गोलासमोर उभा राहिला, आणि या वेळी त्यानं चेंडू आत मारला. इतकी वर्षं अंगात रुतलेला काटा निघाल्यासारखं वाटलं. त्याला खेळ आवडत नसेल, पण एकदा, निदान एकदा, ते अर्धवट राहिलेलं पुरं झालं तर? ते घरी न जाता थेट टांग्याच्या अड्ड्यावर गेले.

मकरपुऱ्याचा राजवाडा मागं पडला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं लागली. सुभानराव सबंध वाटेत एकच वाक्य घोळवत होते. नारायण, झालं गेलं विसर, एवढा एक सामना खेळ. मधूनच ते बदलत. नारायण, माझं चुकलं, एवढा एक सामना खेळ. दुसरं खरं होतं, पण पहिलं म्हणायला सोपं होतं. गावात शिरल्यावर त्यांनी मास्तरांचं घर विचारलं. पानाच्या टपरीवरच्या माणसानं घर दाखवलंच नाही. “मास्तर अत्यारे घेर ना मळे,” या वेळी ते घरी कुठले, असं म्हणून त्यानं हसून तळ्याकडे बोट केलं.

तळ्याकाठी गुरं चरायची मोकळी जागा होती. तिथं धुरळा उठला होता. टांगा कडेला उभा करून सुभानराव खाली उतरले आणि त्यांनी बघितलं.

गावातली आठ-दहा माणसं फुटबॉल खेळत होती. धोतरं वर खोचलेली, कुणी उघडाबंब, एकाच्या गालात अजून तंबाखू. दोन दगडांच्या मध्ये गोलात नारायण उभा होता. तो सुटला होता, मिशी राखली होती, आणि कमरेवर हात ठेवून एका धिप्पाड पटेलाशी हमरीतुमरीवर येऊन भांडत होता. चेंडू दगडाच्या बाहेरून गेला, गोल झालाच नाही, असं त्याचं म्हणणं. गोल उघड उघड झाला होता. सुभानरावांना लांबूनही दिसला होता. पटेलानं चार शिव्या घातल्या, आणि शाळेचे मास्तर पोट धरून हसायला लागले.

सुभानरावांनी टांग्याचं चाक धरलं. हे हसू त्यांनी पोळच्या तोंडाशी ऐकलं होतं, चिंध्यांच्या चेंडूबरोबर. त्यानंतर ते कधी बंद झालं, हे त्यांना आठवेना. त्याची आठवण ठेवावी असं तेव्हा त्यांना वाटलंच नव्हतं. आणि आज ते जिवंत होतं, इथं, टांग्याच्या वाटेवर, रोज संध्याकाळी. त्याचा खेळ कुणी मारला नव्हता. नारायणनं फुटबॉल सोडलाच नव्हता. त्यानं सोडलं होतं ते दुसरंच काही, आणि ते काय हे आता कुणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात नारायण गोल सोडून निघाला. चेंडू त्याच्या पायाला लागला आणि सुभानराव एक पाऊल पुढं सरकले, कारण पाय तोच होता. पटेल गेला, तंबाखूवाला गेला, आणखी दोघे एकमेकांवर आपटले, आणि नारायण पलीकडच्या दगडांसमोर एकटा पोहोचला. गोल मोकळा. त्यानं चेंडू पायाखाली दाबला. मागं वळून बघितलं. मागून पिकल्या केसांचा एक गृहस्थ, बहुतेक वाणी, धापा टाकत येत होता. नारायण थांबला तो त्याच्यासाठी. तो आल्यावर नारायणनं चेंडू अलगद त्याच्या पुढ्यात सरकवला. वाण्यानं डोळे मिटून सगळा जीव एकवटून लाथ मारली. चेंडू गोलाच्या वरून, बाभळीच्या बाजूनं, घरंगळत सुभानरावांच्या जोड्याशी येऊन थांबला.

सगळी माणसं वाण्याची टिंगल करत होती. नारायण चेंडू न्यायला हसत हसत पळत आला, आणि मध्येच थबकला.

हसू गेलं. ओठ मिटले, खांदे सरळ झाले, हात आपोआप मांड्यांना चिकटले. डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. सुभानराव ते तोंड ओळखत होते. पोलो मैदानावरचं तोंड ते हेच. त्या दिवशी त्यांना वाटलं होतं की थकव्यानं ते तसं झालं. आता त्यांच्यासमोर ते झालं होतं, पापणी लवते न लवते तोच, आणि केवळ त्यांच्याकडे बघून.

“वस्ताद,” नारायण म्हणाला.

सबंध वाट घोळवलेलं वाक्य सुभानरावांच्या तोंडात होतं. ते त्यांनी गिळलं. ते कडू होतं.

“तुमचा एक गडी कमी दिसतो,” ते म्हणाले.

नारायणचे हात मांड्यांनाच चिकटलेले होते. पण पटेलाला वस्तादबिस्ताद काही ठाऊक नव्हतं. एका बाजूला खरोखरच एक गडी कमी होता आणि तो बराच वेळ त्यावरूनच कुरकुरत होता. त्यानं ओरडून त्यांना खेळायला बोलावलं, “आवो ने काका, रमवुं होय तो. पण जोडा काढीने हं.”

सुभानरावांनी जोडे काढले. पगडी टांगेवाल्याच्या हातात दिली, कोट दिला, धोतराचा काचा मारला. तळ्याकाठच्या त्या गुरांच्या जागेत पाऊल टाकायच्या आधी ते वाकले, चिमूटभर माती घेतली आणि कपाळाला लावली. आत उतरताना लावतात तशी. मान वर केली तेव्हा नारायण त्यांच्याकडे बघत होता. मग तो चेंडू घेऊन गेला.

इतकी वर्षं फुटबॉल शिकवणाऱ्या सुभानरावांनी चेंडूला स्वतः पाय असा कधी लावलाच नव्हता. पहिल्याच फटक्याला चेंडू राहिला जागेवर आणि ते पुढं गेले. माणसं हसली. दुसऱ्यांदा वाण्यानं त्यांच्या दोन पायांतून चेंडू काढून नेला, आणि वाण्याला इतका आनंद झाला की तो गोल मारायचंच विसरला. सुभानराव पळत राहिले. कुणी काका म्हणत होतं, कुणी पेहलवान म्हणत होतं. गुडघ्यात कळ येत होती. श्वास घशाशी अडत होता. ते पडले, उठले, पुन्हा पळाले. जन्मभराची सवय होती. वस्ताद म्हणेपर्यंत थांबायचं नाही, आणि त्यांचे वस्ताद जाऊन जमाना लोटला होता. बाकीचे गडी एकेक करून मंदावले, पण त्यांच्या ते ध्यानात आलं नाही. आपण स्वतः केलेला नियमसुद्धा त्यांना आठवला नाही. ते पुन्हा पडले, एका गुडघ्यावर उठायला लागले आणि समोर चेंडू दिसला.

चेंडूवर पाय होता. नारायण उभा होता. तो त्यांच्या छातीच्या भात्याकडे बघत होता, सुजलेल्या गुडघ्याकडे बघत होता. मग तो वाकला आणि त्यानं त्यांच्या दंडाला धरलं.

“मामा,” तो म्हणाला, “पुरे आता.”

सुभानराव थांबले. आधी पाय थांबले, मग श्वास खाली बसायला लागला, आणि सगळ्यांत शेवटी तोंड वेडंवाकडं झालं. ते त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसलं. धुळीचा त्रास होतोय असं कुणाला वाटलं असेल तर वाटो. नारायणनं त्यांना तळ्याच्या दगडी पायरीवर नेऊन बसवलं आणि ओंजळीनं त्यांच्या गुडघ्यावर पाणी टाकलं. मागं पटेल आणि वाणी यांचं पुन्हा जुंपलं होतं.

“काही काम काढून आला होतात का?” नारायणनं विचारलं.

सुभानरावांनी तळ्याकडे बघितलं. वसंत आठवला, जयवंतरावांचा चहाचा पेला आठवला, रविवार आठवला.

“होतं,” ते म्हणाले. “राहू दे आता ते.”

नारायणनं मान हलवली. आईनं भाकऱ्या टाकायला घेतल्या असतील, जेवून जा, म्हणाला. सुभानरावांनी ओला गुडघा चोळला. मग त्यांनी टांगेवाल्याला हाक मारली आणि घोडा सोडून त्याला चारा घालायला सांगितलं.